रक्ताचे नाते

'रक्ताचे नाते' हा शब्दप्रयोग मी वर्गात शेकडो वेळा केला असेल. परंतु त्याचा अक्षरार्थ मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळला. धाकट्या भावाच्या रक्ताच्या कर्करोगावर मूलपेशींचे रोपण करावयाचे ठरले, आणि सख्ख्या भावंडांत चारांत एखाद्याशीच जमणारा मेळ माझ्याशी जमला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देऊन ह्या देशात या उपचाराचा पाया घातला. त्या भावाची आठवण करून मी धीराने सुईपुढे हात केला.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पेशी त्याच्या देहात रुजल्या. माझा रक्तगट बी, त्याचा ओ. यथावकाश तोही बी होणार होता! पण एके सकाळी त्याचे डोके भयंकर दुखू लागले, रक्तदाब चढला आणि झटका आला. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "दादा, दिवा का नाही लावलास?" खिडकीतून लख्ख ऊन येत होते.

माझ्याच पेशींनी त्याची दृष्टी हिरावली, असे वाटून मी खचलो. डॉक्टरांनी उलगडा केला. पाहुण्या पेशींनी यजमानावरच उठू नये म्हणून टॅक्रोलिमस देत होते. त्या औषधाने मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुखावून पाणी झिरपले होते. सूज आली ती मेंदूच्या मागच्या भागाला, जेथे दृष्टीचे केंद्र आहे. डोळे शाबूत होते. औषध बदलले, रक्तदाब उतरविला, आणि पाचव्या दिवशी त्याला माझ्या सदऱ्याची गुंडी दिसली. रोपणानंतर मेंदूला जंतुसंसर्ग किंवा रक्तस्रावही गाठतो. त्या मानाने आम्ही सुदैवी.

विश्रांतीसाठी त्याला भूगावला माझ्या घरी आणले. पौड रस्त्याची वर्दळ मागे टाकून आम्ही संध्याकाळी फिरावयास जातो. त्या सकाळचे त्याला काहीच आठवत नाही. मला मात्र वाटते, त्या अंधारात त्याने मला हाक मारली ती माझ्या रक्ताच्या बळावर नव्हे. 'दादा' हा शब्द चाळीस वर्षे ज्या मेंदूने जपला, तोच तेव्हा सुजून तळमळत होता. रक्त मी देऊ शकलो. ती हाक मात्र त्याची त्यालाच सांभाळावी लागली.