पॅलेस्टाईन वाचायचं, पण कुणाचं?

सेमिनारसाठी विषय घेतला तेव्हा वाटलं, पॅलेस्टिनी लोकांवरची चार नावाजलेली पुस्तकं वाचली की भागेल. वाचली, आणि डोकंच गरगरायला लागलं. लोक तेच, 1948चं विस्थापन तेच. पण एका लेखकाला पडलेला प्रश्न दुसऱ्याच्या गावीही नाही.

बेनी मॉरिस यांच्याकडे सुमारे सात लाख माणसं परागंदा होतात, ती इस्रायली दप्तरांतून. 1980च्या दशकात ते कागद खुले होऊ लागले आणि मॉरिस, श्लाइम, पप्पे ही मंडळी ‘नवे इतिहासकार’ म्हणून गाजली. काम मोठं, वादच नाही. पण घर सोडणारी बाई स्वतः काय सांगते? मॉरिस यांचा भरवसा कागदावर. रोझमेरी सायिग यांनी मात्र लेबनॉनच्या छावण्यांत बसून हेच ऐकून घेतलं होतं. त्यांचं पुस्तक 1979चं. पुढे 1992मध्ये वलीद खालिदींचा जाडजूड ग्रंथ आला. उजाड झालेली 418 गावं, एकेका गावाची लोकसंख्या, शेती, आणि आता तिथं काय उरलंय ते.

तेवढ्यात सर म्हणाले, “अगं, हल्ली सगळे सेटलर कलोनियलिझमवर लिहितात. ते बघ.” म्हणजे बाहेरून येऊन वसणाऱ्यांनी मूळ रहिवाशांना हटवून त्यांची जागा घेणं. बघितलं. पॅट्रिक वुल्फ यांचा 2006चा लेख ज्याच्या त्याच्या तळटीपेत. मग फायेझ सायेघ यांची 1965ची छोटी पुस्तिका हाती लागली, आणि मी चाटच पडले. मांडणीचा गाभा तिथंच आहे की! ती छापणाऱ्या बैरूतच्या पॅलेस्टिनी संशोधन केंद्राचं दप्तर 1982मध्ये इस्रायली सैन्यानं उचलून नेलं. संशोधनात कशाची चलती होणार, हे बरंचसं दप्तर कुणाच्या ताब्यात यावर ठरतं, असं माझं तरी मत झालंय.

खरी रमले ती बेशारा डोमानींच्या 1995च्या पुस्तकात. त्यात नाब्लुसच्या शरिया न्यायालयाच्या नोंदवह्या आहेत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. ऑलिव्हच्या तेलाचा साबण बनतोय, इजिप्तला जातोय. व्यापारी पीक हाती येण्याआधीच शेतकऱ्याला उचल देतोय आणि बदल्यात तेल लिहून घेतोय. आपल्याकडचा सावकार आठवावा, अगदी तसं. इथला पॅलेस्टिनी माणूस निर्वासित नाही. तो तेलाच्या भावावरून भांडतोय.

माझ्यासारखंच कुणी नव्यानं वाचायला बसणार असेल, तर आधी डोमानी घ्या, मग सायिग. मॉरिस त्यानंतर.