फॉरमॅट करण्याआधी तारीख पाहा

घरचा कॉम्प्युटर रुसला की आपण एक तर त्याला चापट मारतो, नाही तर थेट दुकानात नेतो. मधली पायरी शांतपणे बघण्याची, ती बहुतेक वेळा राहूनच जाते.

इंदूरच्या आमच्या घरी जुना डेस्कटॉप आहे. त्यात आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. आजी आता नाही. गेल्या पावसाळ्यात त्यावर एकही वेबसाइट उघडेना. दुकानदार म्हणाले, "व्हायरस आहे, फॉरमॅट करावं लागेल." बाबा तयारही झाले. मी म्हटलं, "बाबा, एक दिवस थांबा."

आधी ओव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मोबाइलवर तेच वाय-फाय नीट चालत होतं, म्हणजे दोष कॉम्प्युटरमध्येच. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: साल २०१०! वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते. आमच्या कॉम्प्युटरच्या लेखी ती अजून सुरूच झाली नव्हती. तारीख दुरुस्त केली, साइट उघडल्या. रात्री प्लग काढला, सकाळी पुन्हा २०१०. मदरबोर्डवरची नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली होती. प्लग काढून ती बदलली, काम झालं.

आता घरात क्रम ठरलाय: आधी महत्त्वाच्या फायलींची कॉपी, मग तारा आणि तारीख, मग एका वेळी एकच बदल. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

तुमच्याही घरी कुणाचा तरी आवाज असा एकाच डिस्कवर असेल. त्याची एक प्रत आजच काढून ठेवा.