आधी मागं घ्या!

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर माझा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. डोक्यावर लाल हेल्मेट, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, खाली चार जाड चाकांची एटीव्ही आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव! डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर आम्ही सहा जण लोणावळ्याला गेलो होतो, तेव्हाचा तो फोटो. विंगमधल्या लोकांनी त्यावर काय काय कॉमेंट्स केल्या त्या इथे छापता येणार नाहीत. पण तो काढल्यानंतर दहा मिनिटांत जे घडलं ते फोटोत दिसत नाही. आज तेच सांगायचं आहे.

राइडच्या आधी गाइडने आम्हाला पाच मिनिटं ट्रेनिंग दिलं. तो आमच्याच वयाचा होता. "थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा. चढावर पुढे झुका, उतारावर मागे रेला. गाडी कलली तर पाय खाली टेकवू नका, मागचं चाक पायावरून जाईल. मी हात वर केला की थांबायचं. आणि कुठे अडकलात तर जोर लावू नका, आधी मागे घ्या."

बाकीचे पाच जण सेल्फी काढत होते. मी मात्र शेवटचं वाक्य ऐकून एकदम गप्प झालो. कारण हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, मे महिन्यात, कुंभार पिंपळगावला.

कुंभार पिंपळगाव हे माझं आजोळ. जालना जिल्हा, तालुका घनसावंगी. जालन्याहून अंबड, घनसावंगी करत एसटी तिथे पोचते तेव्हा पाठीचा प्रत्येक मणका वेगळा मोजता येतो. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब तिथून जवळच आहे. काळीभोर जमीन, कापूस, ऊस, मोसंबीच्या बागा. जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून जातो. मामाच्या रानाच्या कडेनेही एक चारी आहे आणि माझ्या गोष्टीत तिचा मोठा वाटा आहे.

मामाकडे एक ट्रॅक्टर आहे आणि तो चालवायला एक ड्रायव्हर. आता आजोळी गावातला प्रत्येक मोठा माणूस मामाच असतो, त्यामुळे त्यांनाही मी मामाच म्हणतो. घोळ नको म्हणून इथे त्यांना ट्रॅक्टरवाले मामा म्हणू. माणूस पंचेचाळिशीचा, शाळा सातवीपर्यंत. ते मला "भाचे" म्हणतात आणि आहो-जाहो करतात. मला ते तेव्हा बरोबरच वाटायचं. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं ना!

मी ट्रॅक्टर शिकवा म्हणून मागे लागलो. दुसऱ्या दिवशी मोगडा आणायला वरच्या रानात जायचं होतं. ट्रॅक्टरच्या मागे काही जोडलेलं नव्हतं. त्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. (हे चूक आहे. ट्रॅक्टरवर एकच सीट असते, म्हणजे एकच माणूस. पण आपल्याकडे वऱ्हाडसुद्धा ट्रॅक्टरवरून जातं!)

"हे दोन ब्रेक येगळे हायेत," ते म्हणाले. "रोडला जोडून टाकायचे. रानात सोडायचे. डावीकडं वळायचं तर डावा दाबा, गाडी जागच्या जागी वळती. अन् टाचेजवळ हे पेडल हाय ना, ते डिपरंसल लॉक. एक चाक नुसतं फिरू राह्यलं अन् दुसरं उभं, तवा दाबायचं. पण लॉक दाबून वळायचं नाही."

मला हसू आलं. "डिपरंसल नाही मामा, डिफरन्शियल." आणि मग मी त्यांना सगळं लेक्चर दिलं. सन गिअर, प्लॅनेट पिनिअन, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं वगैरे. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणून एक चाक चिखलात सरकलं की त्याला जेवढा थोडा टॉर्क लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो आणि गाडी जागेवर उभी राहते. लॉक दाबला की दोन्ही चाकं एक होतात. वायवाला हाच प्रश्न आला होता आणि मी तो फाडला होता.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता चारीच्या कडंनी जाऊ नका, वरून घ्या."

मी चारीच्या कडेने गेलो. रस्ता जवळचा होता आणि माती वरून चांगली सुकलेली, भेगाळलेली दिसत होती. काळ्या मातीचा हाच कावा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. वर भेगा दिसतात, पण हातभर खाली ओल टिकून असते. चारीला काही दिवसांपूर्वीच पाणी येऊन गेलं होतं. दहा पावलं गेलो आणि उजवं चाक बसलं. मी रेस दिली. ते आणखी बसलं.

ट्रॅक्टरवाले मामा खाली उतरले, चाकाजवळ वाकून बघितलं. "थांबा भाचे. आता पुढं नाही. आधी मागं घ्या. नाही निघाला तर मी फावडं आणतो."

माझ्या डोक्यात मात्र वायवा चालू होता. एक चाक सरकतंय, म्हणजे उत्तर काय? लॉक! मी टाचेने लॉक दाबला, पहिला गिअर टाकला, हँड थ्रॉटल पूर्ण ओढला आणि क्लच एकदम सोडला.

पुस्तकातलं एक पान मी वाचलं होतं, पण ते पोटात उतरलं नव्हतं. इंजिन ॲक्सलला ज्या जोराने पुढे फिरवतं, तेवढ्याच जोराने ॲक्सल ट्रॅक्टरच्या अंगाला उलटं फिरवतं. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतला. एरवी चाकं फिरतात म्हणून ते जाणवत नाही. पण दोन्ही चाकं रुतून बसली, लॉक झाली आणि फिरूच शकत नसली, तर मग फिरायला एकच गोष्ट उरते. ती म्हणजे चाकांभोवती स्वतः ट्रॅक्टर!

बॉनेट वर आलं. आधी समोरचा बांध दिसेनासा झाला, मग लिंबाचं झाड, मग नुसतं आभाळ. मला आवाज ऐकू येत नव्हता, पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. असा ट्रॅक्टर मागे पालथा व्हायला पूर्ण दोन सेकंदही लागत नाहीत आणि सीटवरचा माणूस त्याच्या खाली सापडतो.

"क्लच दाब! क्लच दाब लेका!"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला अरे-तुरे बोलले आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. पुढची चाकं धाडकन खाली आदळली, नेमकी चारीच्या दगडावर. टाय रॉड वाकला. ते धावत आले, चावी बंद केली. ट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही. "लागलं का?" एवढंच विचारलं. त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

ट्रॅक्टर ओढून गॅरेजला आणला. तिथे नेहमीची चार माणसं चहा पीत बसलेली. मामा मोटरसायकलवरून आला आणि वाकलेला टाय रॉड बघून ट्रॅक्टरवाल्या मामांवर तुटून पडला. "इतकी वर्षं झाली गाडी चालवतो, चारीची ओल दिसत नाही तुला? झोपला होता का? कामून गेला तिकडून?"

मामाने धरूनच चाललं होतं की ट्रॅक्टर तेच चालवत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली बघत म्हणाले, "चुकलं भाऊ. ओल ध्यानात नाही आली."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो पीत राहिलो. बोलायला फार नाही, एक वाक्य लागत होतं. पण ती चार माणसं बघत होती, आणि मी तर इंजिनिअर होणारा भाचा होतो.

दिवाळीत गेलो तेव्हा मामी बोलता बोलता सहज म्हणाली की दुरुस्तीचे दीड हजार त्यांच्या पगारातून कापले. तेव्हा मी चिवडा खात होतो. तेव्हाही बोललो नाही. मित्रांनो, केटी लागल्यावर पोटात गोळा येतो तो तुम्हाला माहीत आहे. हा तसलाच, फक्त याची री-एक्झाम नसते असं मला वाटत होतं.

आता परत लोणावळ्याला.

एटीव्ही म्हणजे आपल्याला सुट्टीतली गंमत वाटते. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत ती विकायला आणली तेव्हा तीन चाकांची होती. ती इतकी उलटायची की १९८८ च्या समझोत्यानंतर तिथे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात शेतकरी मेंढ्यांमागे फिरायला चारचाकी क्वाड बाइक वापरतात, म्हणजे त्यांच्यासाठी तो आपला ट्रॅक्टरच. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकवर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची आहे. म्हणजे चार चाकं असली तरी ती उलटतेच. आणि अशा बऱ्याच गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतंच, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात, जणू लॉक कायम दाबलेला. म्हणून ती वळायला नाखूश असते. अंगाचं वजन आतल्या बाजूला टाकून तिला वळवावं लागतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही तिसऱ्या वळणावर गाइडने हात वर केला आणि मी थांबलो नाही, कारण मागून मित्र व्हिडिओ काढत होता. गाडी सरळ मातीच्या ढिगाऱ्यात घुसली. मला काही झालं नाही. पुढचं प्लास्टिकचं मडगार्ड मात्र तडकलं.

परत आलो तर तिथला मॅनेजर गाइडवर ओरडायला लागला. "लक्ष कुठे होतं तुझं? पाहुण्यांना सांभाळता येत नाही?" गाइडने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

अगदी तसंच.

मी म्हणालो, "त्याची चूक नाही. त्याने हात वर केला होता, मीच थांबलो नाही. मडगार्डचे पैसे मी देतो." पैसे दिले. त्यात माझं महिन्याचं मेस बिल गेलं आणि पुढचे दोन आठवडे मी रूम पार्टनरच्या मॅगीवर जगलो. त्याचे इथे जाहीर आभार!

त्या रात्री मामाला फोन केला आणि मे महिन्यातलं सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग मामा म्हणाला, "पैशाचं सोड, ते मी उद्याच देतो त्याला. पण मी त्याला बोललो ते चार माणसांत बोललो. ते कसं परत घेऊ?"

मी काय उत्तर देणार? माझ्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं.

संक्रांतीला दोन दिवस सुट्टी टाकून गेलो. मामा आणि मी गॅरेजला गेलो. ट्रॅक्टरवाले मामा ऑइल बदलत होते. चहावाली मंडळी तीच होती, चारातले तीन तरी. हातात तिळगुळ होता. काय बोलायचं ते एसटीत चार वेळा पाठ केलं होतं. ऐन वेळी एवढंच आलं, "मे महिन्यात ट्रॅक्टर मी चालवत होतो. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांनी ओरडून क्लच दाबायला लावला म्हणून मी आज उभा आहे." मग मामाही म्हणाला, "मी उगाच बोललो तुला. चुकलं माझं."

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एकाने बिडी विझवली. ट्रॅक्टरवाल्या मामांनी फडक्याला हात पुसले, तिळगुळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "जाऊ द्या भाचे. तवा जिवावर बेतलं होतं, त्याच्यापुढं टाय रॉड काय अन् बोलणं काय." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फडकं जरा जास्तच वेळ पिळत होते.

थोड्या वेळाने ट्रॅक्टर चालू करून त्यांनी मला हाक मारली. "या, बसा सीटवर."

मी बसलो. या वेळी ते मडगार्डवर चढले नाहीत, बाजूला जमिनीवर उभे राहिले.

"रानात न्यायचा?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आधी मागं घ्यायला शिका."