कराड काय लांब आहे?

‘अहो, कराड काय लांब आहे?’ हे वाक्य मी जवळजवळ वीस वर्षं बोलत आले. साताऱ्यात आमचं घर आणि कराडला माझं माहेर. मधे 50 किलोमीटरचा हायवे. घाट नाही, अवघड वळण नाही, रस्ता चौपदरी. ओळखीचा तर इतका, की शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, तासवडे ही नावं मी झोपेतही उलटसुलट म्हणून दाखवीन. अशा रस्त्याची कसली आलीय तयारी? किल्ली उचलायची आणि निघायचं, असं मी मानत होते आणि दुसऱ्यांनाही तेच सांगत होते. आता मी तसं मानत नाही. का मानत नाही हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण मधल्या काळात मी हीच हकिगत बऱ्याच जणांना थोडी फिरवून सांगितली आहे.

आमचे हे पहिल्यापासून तयारीचे. कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळी पंपावर जाऊन हवा तपासणार, फास्टॅगमध्ये पैसे किती आहेत ते बघणार, किती वाजता निघायचं ते ठरवणार. दापोलीला जाताना करतील तेच कराडला जातानाही. त्यावरून आमचे खटके उडायचे. मला ते नुसतं अनावश्यक वाटत नव्हतं, मला त्याचा राग यायचा. त्या रागाचं मूळ कुठं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या आईचं माहेर पाटणजवळ. कराडपासून तेही काही फार लांब नाही. पण तिथं जायचं तर मुऱ्हाळी यायला हवा, सासूबाईंनी हो म्हणायला हवं, दिवस ठरायला हवा, आणि परत कधी यायचं तेही आधीच ठरायला हवं. ठरवूनसुद्धा ऐन वेळी जाणं रद्द झालं की आई बांधलेलं बोचकं पुन्हा सोडायची. ते मी लहानपणी पाहिलं आहे. 2006 साली मी गाडी शिकले आणि पहिल्यांदा एकटी कराडला गेले, तेव्हा कुणालाही काही विचारलं नव्हतं. दुपारी मनात आलं आणि चहाच्या वेळेला आईच्या दारात उभी राहिले. तिनं दार उघडून आधी माझ्या मागे पाहिलं, आणखी कोण आलंय ते. कुणीच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते मी कधी विसरणार नाही. त्यामुळे ‘किती वाजता निघणार?’ असं कुणी विचारलं की मला ते परवानगीच्या जातीचं वाटायचं. वेळ ठरवणं, कळवणं, आधी बघून ठेवणं, हे सगळं मी त्या बोचक्याच्या खात्यात टाकलं होतं.

जानेवारी 2023. संक्रांत झाली होती, आमच्याकडे हळदीकुंकू होतं आणि त्यासाठी आईला आणायला मी सकाळीच कराडला गेले होते. तिथल्या बाजारातून वाणाच्या 50 स्टीलच्या वाट्या घेतल्या. साडेतीनला निघायचं असं मीच म्हटलं होतं. मग शेजारच्या काकू आल्या, चहा झाला, आईला तिळगुळाचा डबा बरोबर घ्यायचा होता, तो माळ्यावरून काढण्यात वेळ गेला. निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. बायका सातला येणार होत्या.

आईचे गुडघे दुखतात म्हणून ती मागच्या सीटवर पाय पसरून आडवी झाली. पट्टा अर्थातच नाही. ‘कशाला तो, गळ्याला काचतो,’ असं ती नेहमी म्हणायची आणि मीही कधी आग्रह धरला नाही. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर 2022 मध्ये, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेल्या गाडीला अपघात झाला होता. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. ती बातमी आईनं आणि मी शेजारी बसून पाहिली होती, हळहळलो होतो. त्याचा आपल्या सातारा-कराडशी काही संबंध आहे, असं दोघींनाही वाटलं नाही.

तासवड्याच्या टोलनाक्यावर फास्टॅग चालेना. पैसे संपले होते, भरायचे मी विसरले होते. दुप्पट टोल रोख द्यायचा तर सुटे नाहीत, मागे रांगेत हॉर्न. दहा मिनिटं गेली. नाका सोडला आणि ह्यांचा फोन आला, ‘कुठं आलीस?’ मी म्हटलं, ‘काशीळ मागे पडलं.’ काशीळ अजून पुष्कळ पुढे होतं, उंब्रजसुद्धा आलं नव्हतं.

मी कुणालाच सांगितली नव्हती ती हीच गोष्ट. उशीर झाला हे कबूल करणं म्हणजे ह्यांचं बरोबर होतं हे कबूल करणं, म्हणून मी खोटं बोलले. आणि मग ते खोटं खरं करण्यासाठी वेग वाढवला. काटा 95 च्या वर होता.

त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. त्यानंतरचा अर्धा तास गाडी चालवायला सगळ्यात वाईट. आभाळात उजेड असतो म्हणून दिसतंय असं वाटतं, पण रस्ता काळवंडलेला असतो आणि दिव्याचा प्रकाशही त्यावर धड पडत नाही. त्यात उसाचा हंगाम. नोव्हेंबर ते मार्च आमच्या या भागात दिवसरात्र ट्रॅक्टर चालू असतात, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेला. मागचा दिवा असतोच असं नाही. हे मला माहीत नव्हतं का? माझा जन्मच या पट्ट्यात गेला.

अतीत मागे पडलं होतं. मी एका ट्रकच्या मागे होते, फार जवळ. तो ट्रक एकदम उजवीकडे गेला आणि माझ्यासमोर उसाची भिंत उभी राहिली. चाक पंक्चर झालेली ट्रॉली डाव्या लेनमध्ये थांबलेली होती. मी ब्रेकवर उभीच राहिले. टायर किंचाळले, मागून धप्प असा आवाज आला, वाट्यांचं खोकं उडून दोन सीटच्या मधून पुढे आलं आणि वाट्या डॅशबोर्डवर आपटून खणखणत सगळ्या गाडीभर पसरल्या. गाडी थांबली. दिव्याच्या झोतात, बॉनेटपासून तीन-चार फुटांवर, मला दगड दिसले. ओळीनं मांडलेले सहा-सात दगड, आणि शेवटच्या दोन दगडांच्या मधे उभं करून ठेवलेलं उसाचं हिरवं वाढं. गाडी उभी आहे हे मागच्याला कळावं म्हणून त्या माणसांनी हाताशी होतं ते सगळं केलं होतं. वेगात, ट्रकच्या आडून, ते मला दिसणं शक्यच नव्हतं.

आई सीटवरून खाली, पुढच्या सीटमागच्या खबदाडात पडली होती. डावा हात अंगाखाली. ट्रॉलीवरचा पोरगा धावत आला, विशीतला असेल, बीडकडचा, बोलण्यावरून कळत होतं. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं दार उघडून आईला हळूच वर बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ‘आजीला लई लागलं का ओ?’ तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याच्यावर ओरडले. दिवा नाही, अक्कल नाही, माणसं मारता का, असं बरंच काही. तो मान खाली घालून ‘वायर तुटलीया, ताई’ एवढंच म्हणाला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

आईचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. हळदीकुंकू जाऊबाईंनी उरकलं, वाटल्या त्या घरात होत्या त्या डब्या. नातेवाईक भेटायला आले की मी तीच गोष्ट सांगायची: बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती. ते खोटं नव्हतं. मागे लाल रिफ्लेक्टर हवेच होते आणि नव्हते. पण आई कॉटवर बसून ऐकायची आणि एकदा सगळे गेल्यावर म्हणाली, ‘त्या पोरानं दगड लावले होते गं.’ बस, एवढंच. माझा मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, तेव्हा फोनवरचं ‘काशीळ मागे पडलं’ही तिनं ऐकलेलं होतं. ते ती कधीच बोलली नाही.

एप्रिलमध्ये गाडी आतून धुवायला काढली. पायपुसणं उचललं तर खाली तीळ. डबा फुटला होता त्यातले. मी ते एकेक वेचत बसले आणि तिथंच पहिल्यांदा ह्यांना सगळं सांगितलं, फोनसकट. हे काही बोलले नाहीत. आतून कागद-पेन्सिल घेऊन आले आणि शेजारी बसून हिशेब मांडला. 50 किलोमीटर ताशी 100 नं गेलं तर 30 मिनिटं. 80 नं गेलं तर साडेसदतीस. साडेसात मिनिटांचा फरक, आणि तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. ताशी 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी 35 मीटर. म्हणजे साठ-सत्तर मीटर. 95-100 ला नव्वदच्या घरात. आणि डिपरचा उजेड पडतो साधारण 40-50 मीटर. अंधारात डिपरवर ताशी 80 नंसुद्धा आपण दिसतं त्याच्या पलीकडे गाडी चालवत असतो. सतरा वर्षं गाडी चालवून हा हिशेब मी कधी केला नव्हता.

माझं मत तिथं बदललं, पण सगळं नाही. मनात आलं की माहेरी जावं, हे मला आजही तितकंच मोलाचं वाटतं, आणि अजूनही मी सकाळी ठरवून दुपारी निघते. चुकलं होतं ते एवढंच, की तयारी आणि परवानगी या दोन गोष्टी मी एक मानल्या. परवानगी दुसऱ्याकडे मागायची असते. टायरची हवा मी माझ्यासाठी बघते. आईचा पट्टा मी आईसाठी लावते. त्यात कुणाची सासू नाही. आणि लांबच्या प्रवासाला माणूस आपोआप सावध असतो, थांबे घेतो, दमल्यावर चहा पितो. जवळच्या रस्त्याला आपण प्रवासच मानत नाही. मी तर त्याला अंगणच मानलं होतं.

आता काय करते ते सांगते. उसाच्या हंगामात कराडहून परतायचं तर चारच्या आत निघायचं. शेजारच्या काकू आल्या तर त्यांना नमस्कार करून निघायचं. तेवढं जमलं नाही तर मुक्काम. पोहोचायची वेळ कुणी विचारली तर हिशेबापेक्षा अर्धा तास पुढची सांगते, म्हणजे धावावं लागत नाही. फास्टॅग निघण्याआधी बघते. सामान डिकीत, सीटवर पिशवीसुद्धा नाही. फोन पर्समध्ये. सहापदरीकरणाच्या कामामुळे रस्ता मधेच वळवलेला असतो, आज इथून तर उद्या तिथून, त्यामुळे ‘माझ्या पायाखालचा रस्ता’ ही भाषा मी सोडली आहे. सर्व्हिस रोडवरून कुणी उलट्या बाजूनं येईल हे धरूनच चालते, कारण पुलाखालून वळून यायचा फेरा वाचवण्यासाठी लोक येतातच.

आई आता पुढे बसते. पुढच्या सीटवर पट्ट्याची उंची खालीवर करता येते, त्यामुळे तो गळ्याला लागत नाही. सीट पूर्ण मागे सरकवली की गुडघ्यांनाही जागा मिळते. इतकी साधी सोय होती, आम्ही कधी बघितलीच नव्हती. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की आई मोठ्यानं मोजते, एक, दोन, तीन. तिनाच्या आत आम्ही त्या खांबाशी पोहोचलो तर ती माझ्याकडे बघते आणि मी पाय उचलते.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. हंगाम सुरू होण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर लावा, आणि ट्रॅक्टरवर ज्या पोराला पाठवता त्याच्या हातात एक चालू बॅटरी द्या. तोही कुणाच्या तरी घरून आलेला असतो. आणि माझ्यासारख्या हायवेवरून माहेरी जाणाऱ्या बायांनो, घरचे ‘कुठं आलीस?’ म्हणाले तर जिथं असाल तेच गाव सांगा.

गेल्या संक्रांतीला आईला आणायला गेले होते. कराडहून 3 वाजून 40 मिनिटांनी निघालो. वाटेत ऊस भरलेल्या चौदा ट्रॉल्या लागल्या, आईनं मोजल्या. शेंद्र्याला पोहोचलो तेव्हा अजिंक्यतारा किल्ल्यावर ऊन होतं.