जबड्याची साक्ष

दांत हे वयाचे चहाडखोर होत, ही समजूत जुनीच आहे; घोड्याचें वय दांत पाहून सांगणारे लोक अजूनहि भेटतात. परंतु दांतांच्या चित्रावरून माणसाचीं हाडें किती भार सोसतील हें सांगावें, ही उमेद अगदीं अलीकडची. राँटजेननें क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लावला, आणि पुढच्याच जानेवारींत ओटो वॉकहॉफ या जर्मन दंतवैद्यानें स्वतःच्या दाढांचें चित्र घेतलें. त्यासाठीं त्याला २५ मिनिटें निश्चळ राहावें लागलें. आतां यंत्र डोक्याभोंवतीं एक फेरी घालतें आणि मिनिटाच्या आंत सबंध जबडा लांबी, रुंदी व खोलीसह पडद्यावर उभा करतें.

या यंत्राशीं माझा परिचय आमच्या आत्यामुळें झाला. ती गिरगांवांत खोताच्या वाडींत राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभु खोतानें ईस्ट इंडियन कुटुंबांना जमिनी विकल्या, त्यांतून ही वाडी वसली. लांकडी सज्जांचीं, बाहेरून जिना असलेलीं जुनीं घरें तेथें अद्याप थोडीं उभीं आहेत. आत्या एकाहत्तराव्या वर्षींहि तसला जिना दिवसांतून चार वेळां चढते. तिच्या खालच्या दोन दाढा गेल्या, तेथें जबड्यांत स्क्रू रोवून कृत्रिम दाढा बसवावयाचें ठरलें, म्हणून चित्र काढलें. करड्या छटा दाखवून डॉक्टर म्हणाले, “हाड मध्यम आहे.” त्यावर आत्यानें विचारलें, “मग मी जिन्यावरून पडलें तर खुबा टिकेल का, तेंहि यांतच पाहून सांगा ना!” डॉक्टर हंसले, प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता.

बळ आणि ताठरपणा हे दोन निराळे गुण आहेत, हें कोणाहि सुतारास पुस्तकावांचून ठाऊक असतें. कांच ताठर; ती वांकत नाहीं, पण एका ठोशास फुटते. वेळू वांकतो, सहसा मोडत नाहीं. हाडाला चुन्याचे क्षार ताठरपणा देतात आणि तंतुमय प्रथिन चिवटपणा. क्ष-किरणांना अडवितो तो मुख्यतः चुना. चिवटपणाची छाया पडत नाहीं. तेव्हां चित्र हा अर्ध्या गोष्टीचाच पुरावा. पण तो अर्धा फार बोलका आहे. कार्टर व हेस यांनीं १९७७ सालीं दाखविलें कीं, हाडाचें बळ सुमारें घनतेच्या वर्गाप्रमाणें बदलतें आणि ताठरपणा घनतेच्या घनाप्रमाणें. घनता निम्मी झाली तर बळ चौथा हिस्सा उरतें, ताठरपणा आठवा! हाच हिशेब धरून संगणक चित्रांतील हाडाचे लाखों बारीक ठोकळे पाडतो, प्रत्येकास त्याच्या छटेवरून ताठरपणा देतो, आणि वर भार ठेवला तर ताण कोठें पडेल तें काढतो.

घोडें अडतें तें छटेपाशीं. इस्पितळांतल्या सी. टी. यंत्रांत पाणी शून्य व हवा उणे १००० असें माप ठरलेलें आहे. दंतवैद्याच्या यंत्राचा किरणझोत शंकूसारखा फांकतो. तेथें तें माप भरंवशाचें राहत नाहीं. यंत्र बदललें, डोकें जरा सरकलें, शेजारच्या दाढेवर धातूची टोपी असली, कीं तेंच हाड निराळ्या छटेचें दिसतें. या पायावर रचलेला ताठरपणाचा आंकडा दशांशापर्यंत छापलेला पाहिला म्हणजे मला तरी जपून वाचावासा वाटतो.

शिवाय साक्षीदार जबडा आहे, खुबा नव्हे. हाड भाराप्रमाणें घडतें, असें ज्यूलियस वुल्फनें १८९२ सालीं मांडलें. दाढ गेली कीं तेथला भार जातो आणि हाड झिजतें. त्या झिजेवरून सबंध सांगाड्याची परीक्षा कशी करावी? एक खूण मात्र उपयोगी मानतात. हनुवटीच्या बाजूला मज्जातंतूचें जें छिद्र आहे, त्याच्या खालचें जबड्याचें घट्ट कवच सुमारें ३ मिलिमीटरांहून पातळ दिसलें, तर हाडें ठिसूळ होत असल्याचा संशय धरून घनतेची वेगळी तपासणी करावी. ही संशयाची खूण; निकाल नव्हे.

आत्याचें कवच पातळच निघालें. पुढें तपासणींत खुब्याची घनताहि कमी ठरली. हाडें राखणारीं कांहीं औषधें चालू असतां जबड्यांत शस्त्रक्रिया केली तर, क्वचित् कां होईना, तेथलें हाड मरतें. म्हणून दोघां डॉक्टरांनीं आपसांत बोलून आधीं स्क्रू, जखम भरल्यावर औषध, असा क्रम लाविला. दाढा बसल्या, औषध सुरू झालें. जिन्याची तिसरी पायरी मात्र सुतारानें अजून बदललेली नाहीं.