नावाआधीचा मान

मी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काम करते. पाकिटावर नाव लिहिण्याआधी ‘सौ.’, ‘श्रीमती’ की ‘कु.’ हे विचारून घेणे हा माझा रोजचा व्यवहार. त्यामुळे धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे इंग्लंडला जाण्याचा योग आला, तेव्हा राजवाडे आणि पूल बघता बघता माझे लक्ष सारखे बायकांच्या नावाआधी काय लागते याकडेच जात होते.

दुसऱ्याच दिवशी भाच्याला शाळेत सोडायला गेले. मुले शिक्षिकेला ‘मिस’ म्हणत होती. बाईंच्या बोटात लग्नाची अंगठी, तरी ‘मिस’! पुरुष शिक्षकांना मात्र ‘सर’. यामागे इतिहास आहे. १९४४ चा शिक्षण कायदा होईपर्यंत तेथे अनेक ठिकाणी लग्न झाले की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. शिक्षिका म्हणजे अविवाहित, असेच समीकरण होते. कायदा बदलला, हाक तशीच राहिली.

बहीण रुग्णालयात परिचारिका आहे. तेथे शस्त्रक्रिया करणाऱ्या एका बाईंच्या दारावर ‘डॉक्टर’ नव्हते, ‘मिस’ होते. मला वाटले, पाटी रंगवणारा चुकला. बहीण हसली. जुन्या काळी इंग्लंडात शस्त्रक्रिया करणारे लोक पदवी न घेता, उस्तादाच्या हाताखाली शिकत. १७४५ सालापर्यंत ते आणि न्हावी एकाच संघात होते. म्हणून औषध देणारा ‘डॉक्टर’ आणि कापाकापी करणारा नुसता ‘मिस्टर’. आज पदवी असूनही ते लोक अभिमानाने ‘मिस्टर’ लावतात आणि बायका बहुधा ‘मिस’. अमेरिकेत मात्र अशा बाईंना डॉक्टरच म्हणतात. भाषा एक, पण रीत निराळी.

खरी गोष्ट कळली ती एका रविवारी. बहिणीने वॉर्डातल्या एका सहकारी बाईंना जेवायला बोलावले होते. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, अलाबामा राज्यातल्या. कृष्णवर्णीय, वयाने साठीच्या पुढे. आल्या आल्या त्यांनी माझ्या पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारली. मी म्हटले, “अहो, मला दोन मुले आहेत.” त्या म्हणाल्या, “आमच्या दक्षिणेकडे हा मान असतो. लग्नाशी संबंध नाही. आपल्याकडे ‘ताई’ म्हणतात ना, तुझ्या बहिणीने सांगितलेय, तसेच.” मग ताटातली भाकरी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “पण हाच शब्द आमच्या आयांना कोणी देत नव्हते.”

त्यांनी सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. त्या काळी दक्षिणेतले गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ म्हणत नसत. म्हातारी असली तर ‘आन्टी’, तरुण असली तर ‘पोरी’, नाहीतर नुसते नाव. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन शहरात मेरी हॅमिल्टन नावाच्या तरुण कार्यकर्तीला नागरी हक्कांच्या आंदोलनात अटक झाली. न्यायालयात सरकारी वकिलाने तिला ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. तिने ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याखेरीज उत्तर देण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी बजावले, तरी ती बधली नाही. न्यायालयाचा अवमान ठरवून तिला ५ दिवसांचा तुरुंगवास आणि ५० डॉलर दंड झाला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही ही शिक्षा कायम केली. अखेर ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

गोष्ट येथे संपत नाही. त्याआधी १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मेरी हॅमिल्टन आणि शीला मायकल्स ही तिची गोरी सहकारी एकाच घरात राहत. एकदा मेरीच्या नावे टपालाने एक नियतकालिक आले. पत्त्याच्या चिठ्ठीवर तिच्या नावाआधी ‘मिझ’ची अक्षरे होती. शीलाला आधी ती छपाईची चूक वाटली. मग लक्षात आले, आपण शोधत होतो तो शब्द हाच! ‘मिस’ म्हणजे बापाची, ‘मिसेस’ म्हणजे नवऱ्याची. ‘मिझ’ म्हणजे कोणाचीच नाही, स्वतःची. पुढे रेडिओवरून तिने तो शब्द मांडला. १९७२ पासून त्याच नावाचे स्त्रियांचे मासिक नियमित निघू लागले. न्यूयॉर्क टाइम्सने मात्र तो स्वीकारायला १९८६ साल उजाडले.

एकाच घरातल्या दोघी! एक ‘मिस’ मिळावे म्हणून तुरुंगात गेली, दुसरीने ‘मिस’ नको म्हणून चळवळ केली. वरवर उलट वाटते, पण मागणे एकच होते. मला माणूस म्हणून हाक मारा.

परतीच्या विमानात मला आपल्या लग्नपत्रिका आठवल्या. त्यांत बाई असो की बुवा, सधवा असो की विधवा, सर्वांच्या नावाआधी आपण ‘आयु.’ लिहितो. या दोन अक्षरांचे मोल मला इतक्या दूर जाऊन कळले.

पण भगिनींनो, एक कबुलीही द्यायला हवी. आमच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना एकेरी नावाने हाक मारतात. आणि मीही मारत होते. मान मागायला आपण शिकलो, द्यायला विसरलो. कामावर रुजू झाले त्या सकाळी मी त्यांना नावापुढे ‘ताई’ लावून हाक मारली. त्या वळल्या आणि मागे दुसरे कोणी उभे आहे का, ते पाहू लागल्या.