शेजारच्या काकू आणि ३०१

मंडळी, या वीकांताचा उद्योग म्हणजे मावशीच्या डोमेनचं फॉरवर्डिंग. मावशीचा सांगलीत घरगुती पिठांचा व्यवसाय आहे. चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट वगैरे. साइटचं जुनं नाव लांबलचक, त्यात हायफन. फोनवर दरवेळी "मधे आडवी रेघ हं" असं सांगावं लागायचं. म्हणून नवं सुटसुटीत नाव घेतलं. पण जुनं नाव क्यूआर कोडसकट दोन हजार पाकिटांवर छापलेलं! त्यातली कितीतरी लोकांच्या घरी पोचलीत, काही तर बॅगेत बसून न्यू जर्सीला.

हल्ली या कामासाठी डोमेन विकणाऱ्या कंपन्या आयतं टूल देतात. जुनं नाव निवडा, नवा पत्ता टाका, बटण दाबा. दोन मिनिटांत काम फत्ते. पण ते बटण नेमकं काय करतं हे माहीत असलेलं बरं.

मुळात फॉरवर्डिंग हे डीएनएसचं कामच नव्हे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस रचलं ते नावावरून आयपी पत्ता आणि तशीच इतर माहिती शोधून द्यायला. "हे पान आता तिकडे गेलंय" असं सांगतो तो वेब सर्व्हर. म्हणून टूल आधी जुनं नाव आपल्या एका सर्व्हरकडे वळवतं आणि मग तो सर्व्हर येणाऱ्या ब्राउझरला नवा पत्ता सांगतो. ब्राउझर बिचारा पुन्हा नव्याने तिकडे जातो.

चाळीत एखाद्याच्या दाराला कुलूप दिसलं की शेजारच्या काकू सांगतात ना, अगदी तस्सं. "ते कायमचे कोथरूडला गेले" हा झाला ३०१. "मुलाकडे गेलेत, येतील महिन्याभरात" हा ३०२. फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. ३०१ मिळाला की ब्राउझर तो बरेचदा लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी काकूंना न विचारता थेट कोथरूड गाठतो. पत्ता चुकीचा सांगितला गेला असेल तर तो दुरुस्त करूनही अशा पाहुण्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी ३०२ लावायचा, सगळं तपासायचं, मगच ३०१ करायचा.

तपासायचं काय? माझ्या यादीत तीन गोष्टी होत्या.

पहिली, पूर्ण पत्ता. चकलीच्या पाकिटावरचा कोड थेट कृतीच्या पानावर नेतो. पुष्कळ टूल्स मात्र सगळ्यांना सरसकट मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. भाजणी परातीत घेऊन "पाणी किती घालू?" म्हणून कुणी कोड स्कॅन करावा आणि समोर मावशीचा हसरा फोटो यावा! तेव्हा डोमेनच्या पुढचा भागही जसाच्या तसा पुढे जायला हवा. त्यासाठी बहुधा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

दुसरी, एचटीटीपीएस. सुरक्षित जोडणी आधी होते, नवा पत्ता त्यानंतर सांगितला जातो. त्यामुळे जुन्या नावाचंही वैध सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर ब्राउझर आधीच धोक्याची पाटी दाखवतो आणि गिऱ्हाईक घाबरून परत फिरतं.

तिसरी, ईमेल. यूआरएल फॉरवर्ड केल्याने ईमेल फॉरवर्ड होत नाही, त्याच्या एमएक्स नोंदी वेगळ्या असतात. टूल जर नेमसर्व्हरच बदलणार असेल तर त्या नोंदी आधी लिहून ठेवायच्या आणि नव्या जागी घालायच्या. नाहीतर साइट दिमाखात चालते आणि ऑर्डरच्या मेल्स गडप.

सगळं झाल्यावर मावशीने रास्त प्रश्न विचारला. "आता जुनं नाव सोडून द्यायचं ना रे? उगाच दरवर्षी पैसे कशाला?"

नाही गं मावशी. खरी गोम इथेच आहे. नाव सोडलं की काही काळाने ते कुणीही विकत घेऊ शकतं. मग तुझ्या पाकिटावरचा कोड त्याचं पान उघडणार. जुन्या ईमेल पत्त्यावर येणारी पत्रंही त्याला मिळू शकतात, त्यात पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा आले. एखादा तुझ्याच नावाने ऑर्डरचे पैसे गोळा करत बसेल, आणि लोक बोल लावतील तुला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. आपण पडलो माणसं, आपले बदलतात. मग निदान काकूंना तरी जागेवर ठेवावं. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. मावशीचं जुनं नाव तेवढ्यासाठी भरून टाकलं. वर्षाचा खर्च तिच्या हिशोबात चार-पाच किलो भाजणीचा. तिला तो पटला, कारण छापलेलं पाकीट परत बोलावता येत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमचंही एखादं जुनं डोमेन कुठे छापलेलं असेल, व्हिजिटिंग कार्डावर, पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, तर त्याची मुदत कधी संपते ते आजच बघून ठेवा.